डाव्या डोळ्यातले ऊन

शिशिर सरत आला होता. कृष्णेचे पात्र कृश झाले होते. काठावरच्या सावरींनी पाने ढाळून अंगभर रक्तवर्णी फुले घेतली होती, आणि वाईच्या भोवतालच्या खळ्याखळ्यांत हळद वाळत पडली होती. शिजलेली, सुकत चाललेली, सुगंधगर्भ हळद. सकाळचे ऊन तिच्यावर उतरे ते पिवळे होऊन उठे. वारा तिच्यावरून जाई तो पिवळा होऊन गावात येई.

अशा त्या पीतवर्णी ऋतूत विश्वासराव जमदाडे यांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली.

सारी हयात त्यांनी विजेच्या खांबांवर काढली होती. वीज मंडळातले वायरमन. वादळात तुटलेल्या तारा त्यांनी जोडल्या, अंधारलेल्या वाड्यावस्त्यांना उजेड दिला, आणि निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा त्यांच्याच डोळ्यांतला उजेड हलके हलके गढूळ होऊ लागला. चुलीचा धूर वर्षानुवर्षे भिंतीवर चढावा आणि घरातल्यांना ती भिंत नेहमीचीच वाटावी, तसा मोतीबिंदू चढला. कळलेच नाही.

पट्टी निघाली आणि जग धुऊन पिळून वाळत घातल्यासारखे समोर आले. आभाळ निळे होते. इतके निळे की विश्वासरावांनी मान खाली घातली. दूध पांढरे होते. स्वयंपाकघराची भिंत ते आजवर सायीच्या रंगाची समजत होते, तीही पांढरीशुभ्र होती.

"दुसरा डोळा होळी झाली की करू," साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते. विश्वासरावांनी मान डोलावली होती. तेव्हा त्यांनी शालनकडे नीट पाहिले नव्हते.

ते पाहिले घरी आल्यावर. शालन चहा घेऊन आली. जिच्यासोबत त्यांनी संसाराचे सारे ऋतू काढले होते, ती शालन. कप खाली ठेवून ती खिडकीजवळ उभी राहिली आणि विश्वासरावांच्या नव्या डोळ्यात तिचे रूप उतरले. केस पांढरे, पुरते पांढरे, फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखे. गाल निस्तेज. ओठांना ओठांचा रंग नव्हता. डोळ्यांखाली करड्या सावल्या.

ही कोण, असा प्रश्न मनात उमटला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

त्यांनी उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्यात, अजून मोतीबिंदू असलेल्या त्या जुन्या डोळ्यात, शालन परत आली. मधुवर्णी. केसांवर फिकट सोने, गालांवर समईची आभा, कपाळावर, मानेवर, बांगड्यांतल्या मनगटावर सायंकाळच्या उन्हाचा मंद लेप. हीच ती. हिलाच तर ते रोज पाहत आले होते.

उजवा मिटला की सोने. डावा मिटला की राख.

"डोळा खुपतोय का?" शालनने विचारले.

"नाही. सवय करतोय."

"मग असे डोळे काय मिचकावताय लहान पोरासारखे?"

विश्वासरावांनी कप उचलला. त्यांनी मनाशी ठरवून टाकले की दोष नव्या डोळ्याचा आहे. नवा डोळा कोरा आहे, कोरडा आहे, त्याला माया नाही. रुळला की निवळेल. पण दिवस गेले आणि तो निवळला नाही. आणि होळी जवळ येऊ लागली.

होळीनंतर डावाही डोळा निर्मळ होणार होता. निर्मळ या शब्दाची त्यांना भीती वाटू लागली. घरातला एक दिवा, जो आहे हे एकट्या त्यांनाच ठाऊक होते, तो कुणीतरी येऊन मालवणार होते. त्याआधी ते ऊन कुठेतरी ठेवायला हवे होते. पण ऊन कशात ठेवतात? त्यांनी शालनच्या नकळत मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून पाहिला. फोटो उजव्या डोळ्याच्या बाजूचा निघाला; त्यातही राखच होती.

*

रविवारी सकाळी घाटावर जलरंगांचा वर्ग भरत असे. रेश्मा तांबोळी नावाची, शाळेत चित्रकला शिकवणारी तरुण बाई तो घेई. दगडी पायऱ्यांवर चटया अंथरलेल्या, नदीचे पाणी वाट्यांत भरलेले, आणि बारा घरची माणसे कागदावर झुकून बसलेली. पाण्यात देवळाचे शिखर थरथरे, कागदांवर तेच शिखर थरथरे, आणि दोहोंमधून सकाळ वाहत राही.

काळा चष्मा लावलेले विश्वासराव पायऱ्यांच्या कडेला उभे राहिले. रेश्मानेच त्यांना जवळ बोलावले.

"काका, चित्रं काढायची आवड आधीपासूनच का?"

"नाही. खांबांचे नकाशे काढलेत फक्त."

"मग आता काय काढायचंय?"

विश्वासराव नदीकडे बघत राहिले. "घरातला उजेड," ते म्हणाले.

ती हसली नाही. उजेड काढायचा आहे असे म्हणणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता. बाकीच्यांना देऊळ काढायचे असे, होडी काढायची असे. तिने त्यांना शेजारी बसवले आणि सामान सांगितले. सामान थोडे, पण बरे घ्यायचे. कागद कापसाचा घ्यायचा. साधा कागद पाणी बघून घाबरतो, फुगतो, वाकडा होतो. कापसाचा कागद पाणी पितो आणि शांत राहतो. ब्रश एकच पुरे, पण असा, की त्याच्या पोटात पाणी मावावे आणि टोक मात्र मोडू नये.

"आणि रंग तीन. लाल, पिवळा, निळा. बाकी सगळे यांच्यातूनच होतात."

"म्हणजे तीन फेज," विश्वासराव म्हणाले. "आमच्याकडंही लाल, पिवळी, निळीच. तीन तारांवर अख्खा गाव चालतो."

आता मात्र ती हसली. "पिवळा मात्र नीट बघून घ्या काका. पिवळे पुष्कळ असतात. उजेड कसला आहे त्यावर ठरतं."

*

डोळा दाखवायला साताऱ्याला जायचे होते, तेव्हाच रंग घ्यायचे ठरले. शालनही बरोबर निघाली. म्हातारपणी हे काय नवीन, असे ती एसटीत दोनदा म्हणाली. पण पिशवीत घडी करून तिने आणखी एक पिशवी घेतली होती, कागद चुरगळू नये म्हणून.

रंगांचे दुकान माडीवर होते. जिना चढताना शालन मधल्या पायरीवर थांबली. कठड्याला हात लावून, डोळे मिटून, एखाद्या दमलेल्या पाखरासारखी.

"काय झालं?"

"काही नाही. गुडघा." ती म्हणाली, आणि पदराने ओठ टिपून पुढे चढली.

वर रंगांचे राज्य होते. काचेच्या कपाटात ओळीने निजलेल्या नळ्या. दुकानदाराने विश्वासरावांपुढे पिवळ्या रंगाच्या नळ्या मांडल्या आणि कागदाच्या तुकड्यावर एकेक थेंब ओढून दाखवला. विश्वासरावांनी चष्मा काढला. डाव्या डोळ्याने पाहिले तर सारे पिवळे एकाच आईची लेकरे. उजव्याने पाहिले तर प्रत्येकाचे गोत्र निराळे. ते गोंधळले. आणि मग त्यांनी, कशासाठी ते न सांगता, शालनलाच विचारले.

"आपल्या स्वयंपाकघरात तिन्हीसांजेला ऊन येतं बघ. त्यातला कुठला?"

स्टुलावर बसलेली शालन पुढे वाकली. ज्या हाताने आजवर तांदूळ, डाळ, कापड पारखले, त्याच हाताचे बोट तिने रंगांवरून फिरवले.

"हा नको, आंबट आहे. कच्च्या लिंबासारखा." बोट पुढे सरकले. "ही हळद. हळद उन्हात चांगली, घरात भडक होते." बोट थांबले. थोडा मातकट, थोडा सोनेरी, पाण्यात पसरताना कडेला तांबूस होत जाणारा एक थेंब होता. "हा. लोणी कढवताना तूप व्हायच्या आधी जो रंग येतो ना, तो हा."

विश्वासरावांनी ती नळी मुठीत धरली. तिच्या उजेडाचा रंग तिनेच निवडून दिला होता आणि तिला ते ठाऊक नव्हते. जिना उतरताना विश्वासरावच पुढे झाले, आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात फार हलका होता. इतका हलका हात त्यांच्या लक्षात नव्हता.

*

मग सुरू झाले पाण्याचे शिक्षण.

कागद भिजवायचा. भिजल्या कागदावर ब्रश टेकवायचा आणि बाजूला व्हायचे. रंग आपणहून चालू लागतो. कुठे जायचे ते पाणी ठरवते, किती जायचे ते कागद ठरवतो. माणसाने फक्त कधी थांबायचे ते ठरवायचे. खांबावर चढून तारा ताणलेल्या हातांना हे जड गेले. तार ओढली की ताठ होते. पाणी ओढता येत नाही.

विश्वासराव शिकले. थेंब सोडायला शिकले, थेंब टिपायला शिकले. पांढरा रंग नसतोच, जिथे पांढरे हवे तिथे कागद तसाच राखून ठेवायचा, हे शिकले. घरी परसदारी बसून ते शालन काढू लागले. ती तांदूळ निवडत बसलेली, ती फुले वेचणारी, ती नुसतीच भिंतीला टेकलेली. हल्ली ती वरचेवर भिंतीला टेकून बसे. पण चित्रात ऊन उतरेना. डाव्या डोळ्याने तिच्याकडे बघावे, डाव्यानेच रंग कालवावा, डाव्यानेच चित्र न्याहाळावे. सारे सुवर्णमय दिसे. आणि उजवा डोळा उघडला की कागदावर फिकी, निष्प्राण, कुणाचीही शालन.

एका रविवारी रेश्माने त्यांना पाहिले. हाताचा पंजा कधी या डोळ्यावर, कधी त्या. तिने विचारले आणि विश्वासरावांनी, पाण्याच्या वाटीत बघत, सगळे सांगितले. सोने सांगितले, राखही सांगितली. होळीनंतरची तारीख सांगितली.

रेश्माने त्यांचा कागद उचलून उन्हात धरला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "काका, तुमचा डावा डोळा कागदालाही सोनं लावतो. त्यामुळं रंग कमी पडतोय ते त्याला कळत नाही. काकींकडे डाव्यानं बघा. कागदाकडे उजव्यानं."

एवढेच होते. इतके दिवस उंबऱ्यात अडलेली गोष्ट आत आली. जुन्या डोळ्याने बघायचे, नव्या डोळ्याने मांडायचे. दोघांनी मिळून एक चित्र करायचे.

"पुढच्या रविवारी काकींनाच घेऊन या," ती म्हणाली. "आपण हातापासून सुरुवात करू. चेहरा नंतर."

*

पुढच्या रविवारी शालन घाटावर आली. धुवट अबोली लुगडे, मोजक्या बांगड्या, आणि चारचौघांत बसायचा संकोच. पिंपळाखालच्या पायरीवर ती टेकली तेव्हा तिला धाप लागली होती. पिंपळाला ताम्रकोवळी पालवी फुटत होती. नदीवरून पाणकावळा गेला. रेश्माने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि मांडीवर एक कोरा कागद ठेवून म्हणाली, "काकी, हात असाच ठेवा यावर, तळवा वर करून."

शुभ्र कागदावर शालनचा तळवा.

विश्वासरावांनी उजव्या डोळ्यावर पंजा धरला. डाव्या डोळ्यात तळवा सोन्याचा होता. रेघारेघांतून ऊन झिरपत होते. पंजा काढला, डावा डोळा मिटला, आणि त्यांनी थाळीत पिवळा घेतला, पाणी घेतले, तळव्याला हवा म्हणून लालाचा एक कण घेतला. मिसळले. कागदाच्या कडेला ओढून पाहिले. छान जमला होता रंग. माणसाच्या तळव्याचा, जिवंत, उष्ण रंग.

आणि मग, सहज, हात कितपत जुळतो ते बघावे म्हणून, त्यांनी उजव्याच डोळ्याने तिच्या तळव्याकडे पाहिले.

रंग जुळत नव्हता.

लाल जास्त झाला असेल. त्यांनी पाणी घातले. पुन्हा ओढले. तरी जास्तच. आणखी पाणी. आणखी. लाल पुसट झाला, पुसटाचाही पुसट झाला, आणि तरीही तळव्यापेक्षा गडदच राहिला. शेवटी थाळीत नुसते पाणी उरले, ज्याला पिवळ्याची चाहूल होती आणि लालाची आठवणही नव्हती. ते जुळले.

विश्वासरावांनी स्वतःचा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. थकलेला, घट्टे पडलेला, पण तांबूस. शेजारी तिचा. कागदावर ठेवलेला कागद.

राख दाखवणारा डोळा खोटे बोलत नव्हता. तो निर्दय नव्हता. घरात तो एकटाच जागा होता.

"शालन," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच दुरून आल्यासारखा वाटला, "तुझ्या हातात लालच नाही गं."

"म्हणजे?"

"जीभ दाखव. डोळा दाखव, खालची पापणी ओढून."

"इथं? अहो, सगळे बसलेत."

"दाखव."

तिने दाखवले. पापणीच्या आतही शिशिर होता.

"किती दिवस दम लागतोय तुला?"

शालनने पदर सावरला. नदीकडे पाहिले. खोटे बोलायला लागणारा श्वासही तिच्याजवळ उरला नव्हता. "दिवाळीपासून," ती म्हणाली. "वाटलं वयानं होतंय. तुमच्या डोळ्याचं चाललेलं, त्यात माझं कुठं."

विश्वासरावांनी ब्रश पाण्यात टाकला आणि उठले. रेश्माने आपले सामान तसेच सोडले, गाडी काढली आणि दोघांना घेऊन ती साताऱ्याकडे निघाली.

*

दवाखान्यात दुपार पसरली होती. फिकट हिरवी भिंत, फिकट हिरवी चादर, आणि त्यांच्यामध्ये शालन, जणू कुणी रंगवायची राहून गेलेली.

डॉक्टरांनी तपासले, सुई टोचली, आणि रक्ताचा आकडा पाहून पुन्हा एकदा तपासायला लावले. मग विचारले, दुखण्याच्या गोळ्या घेता का? घेत होती. गुडघ्यासाठी, रोज, उपाशीपोटी, औषधांच्या दुकानातून आणून. त्या गोळ्यांनी पोटात जखम झाली होती आणि रक्त आतल्या आत, थेंबाथेंबाने, कुणालाही न सांगता वाहून चालले होते.

"अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर विश्वासरावांना म्हणाले. "लक्षात कसं आलं तुमच्या?"

"रंग जुळला नाही," विश्वासराव म्हणाले. डॉक्टरांना ते कळले नाही.

मग रक्ताची पिशवी लागली. वर टांगलेला तो गडद, घनदाट लाल. पारदर्शक नळीतून एकेक थेंब खाली येई, क्षणभर थबके, आणि शालनच्या शुभ्र हातात उतरे. विश्वासराव बघत बसले. त्यांना वाटले, आपण थेंब सोडायला शिकलो ते कागदावर. खरे चित्र तर हे चालले आहे. भिजल्या कागदावर लाल चालावा तसे ते रक्त तिच्यात चालत असेल. मनगटातून दंडात, दंडातून गळ्यात, गळ्यातून ओठांत. कुठे जायचे ते त्याचे तेच ठरवीत असेल. आपण फक्त बसायचे. घाई करायची नाही.

शालनने डोळे उघडले.

"रेश्माबाई कुठंय?"

"खाली. चहा घ्यायला पाठवलीय. बळंच पाठवली."

"बिचारीचा रविवार गेला."

खिडकीबाहेर कुणाचे तरी धुणे वाळत होते. मग विश्वासरावांनी तिला सारे सांगितले. वर्गात का गेलो. पिवळा का विचारला. कुठल्या डोळ्यात ती कशी दिसते. सांगताना ते चादरीची कड दुमडत होते आणि उलगडत होते.

"इतकी वर्षं तू मला सोन्याची दिसत होतीस."

"आणि आता?"

विश्वासरावांनी चष्मा काढला. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिले. सोने पाहिले. राख पाहिली. दोन्हींच्या मागे निजलेली, दमलेली, त्यांच्याकडे बघणारी एक बाई पाहिली.

"आता दिसतेस," ते म्हणाले.

शालनने मान पलीकडे वळवली. तिचा मोकळा हात मात्र चादरीवरून सरकत आला आणि त्यांच्या गुडघ्यावर येऊन थांबला.

*

होळी झाली ती दवाखान्यातून आल्यावर, अंगणात, दोन लाकडांची. डोळ्याची तारीख पुढे गेली. चैत्र आला. शालन औषधे घेई, खजूर खाई, वेळेवर जेवे. आणि आता विश्वासराव ती जेवल्याशिवाय ताटावरून उठत नसत. हळूहळू तिच्या नखांच्या मुळाशी एक गुलाबी अर्धचंद्र उगवला. मग ओठांच्या कडेला पहाट झाली. विश्वासराव रोज सकाळी उजव्या डोळ्याने तिचा तळवा वाचत, जसे कुणी पंचांग वाचावे.

डॉक्टरांनी नवी तारीख दिली. विश्वासराव लगेच तयार झाले. जुन्या डोळ्याची माया आता त्यांना पुरे झाली होती.

शालन मात्र अडून बसली.

"आधी माझं चित्र पुरं करा. मगच डोळा."

"आता कशाला? डोळा चांगला होतोय, तूही चांगली होतीयस."

"मला बघायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला कशी दिसत होते ते मला बघायचंय. मला कुठला आरसा दाखवणार ते?"

तिन्हीसांजेला स्वयंपाकघराच्या दारात ती बसली. पश्चिमेचे ऊन तिच्या खांद्यावर उतरले. विश्वासरावांनी कापसाचा कागद भिजवला. उजव्या डोळ्यावर पंजा, आणि तिच्याकडे पाहणे. डावा डोळा मिटून, आणि कागदावर मांडणे. तिच्याकडे, कागदाकडे. सोन्याकडे, पाण्याकडे. लोणी कढताना येतो तो पिवळा त्यांनी कागदावर सोडला आणि तो चालू लागला. केसांत चालला, गालांवर चालला, मानेच्या वळणावर थबकला, बांगड्यांत साकळला. जिथे ऊन सर्वांत दाट होते तिथे त्यांनी कागद कोराच राखला. अंगणात पाखरे परतली. शेजारी कुणीतरी दिवा लावला. शालन हलली नाही. तिच्याकडे इतका वेळ कुणी असे बघत बसले आहे, हे तिला आयुष्यात प्रथमच कळत होते, आणि त्या कळण्याने ती स्थिर झाली होती, उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या कळशीसारखी.

रंग वाळल्यावर विश्वासरावांनी कागद तिच्या हातात दिला.

चित्र फार कुशल नव्हते. एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला होता. नाक जरा चुकले होते. पण दारात एक स्त्री बसली होती, आणि ऊन बाहेरून तिच्यावर पडत नव्हते. ते तिच्यातून निघून अंगणात चालले होते.

शालनने ते जवळ धरले, लांब धरले. पदराने हात पुसले आणि पुन्हा धरले.

"माझ्या आईनंही मला इतकं देखणं पाहिलं नसेल," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "रोज असंच दिसत होतं?"

"रोज."

"मी भाजी खारट केली तेव्हाही?"

"तेव्हाही."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने चित्र देवघराशेजारच्या फडताळात, आरशाच्या जागी उभे केले. आरसा काढून खाली ठेवला.

"आता जा डोळ्याला," ती म्हणाली. "हे राहिलं की इथं."

*

वैशाखात डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली.

विश्वासरावांनी डोळा लगेच उघडला नाही. पापणीआडच्या तांबूस अंधारात ते काही क्षण थांबले, निरोप घेणाऱ्याने उंबऱ्यावर थांबावे तसे. मग उघडला. खाटेच्या पायथ्याशी शालन उभी होती. त्यांनी हा डोळा मिटून पाहिला, तो मिटून पाहिला. दोन्ही डोळ्यांत एकच शालन होती. पांढऱ्या केसांची, सुरकुतल्या गालांची, किंचित वाकलेली. ओठ गुलाबी. तिच्यावर कसलाही लेप नव्हता.

"आहे का ओळख?" तिने विचारले.

"बघू. होईल हळूहळू."

सायंकाळी वाईत उतरल्यावर त्यांनी रिक्षा केली नाही. शालन म्हणाली, चालू या. ती आता चालू शकत होती. नदीकडच्या रस्त्याने दोघे निघाले, ऊन उतरणीला लागले होते, आणि वळणावर विश्वासराव एकदम उभे राहिले.

समोर एक झाड होते, आणि ते जांभळे होते. आपादमस्तक जांभळे. झुंबरांसारखे घोस, घोसांत चुणीदार, तलम, जांभळ्या-गुलाबी पाकळ्या, आणि वाऱ्याबरोबर रस्त्यावर झरणारा एक जांभळा पाऊस. त्या रंगाला विश्वासरावांपाशी शब्द नव्हता. असा रंग असतो, हेच ते विसरले होते.

"हे कधी लावलं इथं?"

"ताम्हण? ते नेहमीचंच आहे. दर वर्षी फुलतं." शालन त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हीच तर त्याच्या फांद्या छाटायचात, तारेला लागतात म्हणून."

दर वर्षी. दर वैशाखात ते असे पेटत होते आणि विश्वासराव त्याच्याखालून मातकट सावलीतून जावे तसे जात होते. त्यांनी वर पाहिले. मग खाली वाकले, जपून, डॉक्टरांनी वाकू नका म्हटले होते तरी. आणि नुकताच गळालेला, अजून ताजा, अजून ओला असा एक लहानसा घोस उचलला.

शालनने विचारले नाही, कशाला. ती पाठमोरी झाली आणि तिने मान खाली घातली.

त्यांनी तो घोस तिच्या केसांत खोवायला घेतला. फूल आधी निसटले, मग अडकले, मग बसले. रस्त्याने माणसे जात होती, सायकली जात होत्या, कुणीतरी राम राम घालून गेले. शालन तशीच उभी राहिली, मान झुकवून, तो हात दूर होईपर्यंत, आणि तो दूर झाल्यावरही थोडा वेळ.

मग दोघे निघाले. खाली कृष्णा वाहत होती. पांढऱ्या केसांत जांभळे फूल, फुलावर उतरते ऊन, उन्हात दोन संथ सावल्या. एक थोडी पुढे, एक थोडी मागे, आणि वळणावर दोन्ही मिळून एक.